डावं कडं

तोंड बंद ठेवणं मला जमत नाही, हे बोईसरमध्ये माझ्याबद्दल कुणीही सांगेल. कारखान्याच्या गेटवर, कचेरीच्या पायऱ्यांवर, रिक्षाला बांधलेल्या भोंग्यातून — मी बोलतच आलेय. पण एक गोष्ट माझ्या तोंडून आजवर निघालेली नाही. आईजवळ नाही. समितीत नाही. गाडीवर एकटी असताना, हेल्मेटच्या आत, जिथे स्वतःशी मोठ्याने बोलायची मला सवय आहे — तिथेही नाही. ऐकणारे तुम्ही पहिलेच.

ही गोष्ट एका मोटरसायकलच्या मागच्या दोन शॉकअपची आहे. तुम्ही म्हणाल, एवढंच? मीही स्वतःला बरेच दिवस हेच म्हणत होते. एवढंच तर आहे.

माझं नाव क्रांती. हसलात तरी चालेल, सगळेच हसतात. पप्पा बोईसरच्या एका कारखान्यात होते आणि कारखान्यापेक्षा जास्त युनियनमध्ये होते. आमच्या घरी फडताळात वर्तमानपत्र नाही, उरलेली पत्रकं अंथरलेली असायची. पिठाच्या डब्याखाली पत्रक, तांदळाच्या डब्याखाली पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. ‘कमळ’ वाचता येण्याआधी मला ‘निषेध’ वाचता येत होता. पुढे मीच पत्रकं लिहायला लागले, आणि बरी लिहायला लागले — गावोगावची माणसं वाचून चिडायची, म्हणजे बरीच म्हणायची. पत्रकात ‘कदाचित’ हा शब्द चालत नाही. दोष एकाचाच असावा लागतो, आणि तो समोरच्याचा असावा लागतो. हे मला कुणी शिकवलं नाही. फडताळातून आपोआप आलं.

त्या वर्षी आमच्या समितीचा लढा रस्त्याचा होता. बोईसर-पालघर रस्ता तुम्ही पाहिला असेल तर मी काही सांगायला नको, आणि पाहिला नसेल तर सांगून पटायचं नाही. टँकर जातात, ट्रेलर जातात, कारखान्यांची सगळी दौलत त्याच रस्त्यावरून जाते, आणि त्या दौलतीखाली रस्ता फाटतो. फाटला की कंत्राटदार येतो, ठिगळ लावतो, बिल लावतो. ठिगळ पुन्हा फाटलं की पुन्हा बिल. माझ्या अंगाची आग व्हायची. आजही होते. माझा गुन्हा सांगताना हा राग मी खाली ठेवणार नाही, कारण राग खरा होता. खोटं त्या रागाच्या आडून आलं.

माझी गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची घेतलेली, लांबच्या प्रवासाची दणकट मोटरसायकल. तिच्यावर मी जव्हार-मोखाड्यापासून डहाणूपर्यंत पत्रकं पोचवली आहेत. बाजूच्या दोन पेट्यांमध्ये कपडे कमी आणि गठ्ठे जास्त. पण तिचे मागचे शॉकअप गेले होते. तेल गळायचं, आणि जरा वजन पडलं की गाडी मागून झुलायची, पाण्यातल्या होडीसारखी. मी ठरवलं, गॅरेजला टाकायची नाही. शॉकअप आपणच बदलायचे. दुसऱ्याच्या हातावर का अवलंबून राहायचं? — हेही पत्रकातलंच वाक्य, बघा.

आणि बदलले. त्याचा मला अजून अभिमान वाटतो, हे सांगताना लाज वाटते तरीही. गाडी डबल स्टँडवर घ्यायची. पेट्यांच्या चौकटी सोडवायच्या. दोन्ही शॉकअप एकदम काढायचे नाहीत, नाहीतर चाक धरणारा चिमटा खाली लोंबतो. एक काढायचा, तिथे नवा बसवायचा, मग दुसऱ्याला हात घालायचा. वरचा नट, खालचा बोल्ट, वायसर, रबर. सगळं हाताने बसवून घ्यायचं आणि दोन्ही बाजू जागेवर आल्या की मगच करकचून आवळायचं. मी हे सगळं नीट केलं. एकही नट ढिला नव्हता. गॅरेजवाल्यालाही खोट काढता आली नसती.

राहिलं ते वजनाप्रमाणे लावून घेणं. शॉकअपच्या स्प्रिंगखाली एक लोखंडी कडं असतं, त्याला पायऱ्यांसारख्या खाचा असतात. आकड्याच्या, म्हणजे टोकाला हूक असलेल्या पान्याने ते कडं फिरवलं की ते एकेक खाच वर चढतं, स्प्रिंग दाबली जाते, गाडी मागून ताठ राहते. एकट्याने जायचं तर खालची खाच. मागे माणूस बसणार, सामान असणार, तर वरची. आणि दोन्ही कडी एकाच खाचेवर. एक वर, एक खाली असं कधीही नाही. अहो, हे समजायला काय इंजिनीअर लागतो? पाटाच्या एका पायाखाली वीट ठेवली तर पाट कलतो.

पालघरला आमचं धरणं होतं त्या दिवशी माझ्यामागे हिरूकाकू बसणार होती.

हिरूकाकू किनाऱ्यावरच्या दांडी गावची. माझी सख्खी काकू नव्हे, पण पप्पांच्या संपाच्या दिवसांत तिने आमच्या घरी सुकट पोचवली होती, ते नातं. बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकायला बसते. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात तेव्हा तिच्या बोंबलांवर अर्धा बाजार जेवतो. पाटी डोक्यावर घेऊन ती चालायला लागली की रिक्षावाले पळतात, वास येतो म्हणून. आणि रिक्षावाला बसवून घेईल तरी खड्ड्यांचं भाडं वेगळं मागतो. हे तिने पालघरला धरण्यावर उभं राहून सांगावं अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, “येते ना गो. पण मोकल्या हाती नाय येणार. तुमचं भाषण झालं का सायबांना सुकट विकीन. ते बी माणसंच हायेत, खात असतील.”

सकाळी मी अंगणात गाडी डबल स्टँडवर घेतली आणि उजवीकडून सुरुवात केली. सायलेन्सर उजवीकडे, तो थंड असतानाच ती बाजू उरकावी म्हणून. उजवं कडं वरच्या खाचेवर चढवलं. पाना घेऊन डावीकडे आले, खाली बसले — आणि फोन वाजला. छापखान्यातून. धरण्यावर वाटायच्या पत्रकाचं प्रूफ तयार आहे, आत्ताच्या आत्ता बघून द्या, मशीन थांबवून ठेवलंय. मी पाना सीटवर ठेवला आणि धावत गेले. प्रूफ वाचलं. अक्षर न् अक्षर वाचलं. एका वेलांटीवरून कंपोझिटरशी भांडले. घरी आले तेव्हा उशीर झाला होता. सीटवरचा पाना उचलून पेटीत टाकला, गठ्ठे भरले, निघाले. पाना उचलला म्हणजे काम झालं, असं हाताला वाटलं. मला काहीच वाटलं नाही. मी मनात घोषणा जुळवत होते.

बाजारातून हिरूकाकूला घेतलं. ती आमच्याकडच्या सगळ्या बायका बसतात तशी बसली — एका बाजूला, दोन्ही पाय डावीकडे, मांडीवर सुकटीची पिशवी, एक हात माझ्या खांद्यावर. म्हणजे सगळा भार कुठे गेला, बघा. डावीकडे. ज्या बाजूचं कडं मी फिरवलंच नव्हतं त्या बाजूला. गाडी कलते आहे हे मला जाणवलं का? जाणवलं. बोईसर सोडल्यावर जाणवलं. रस्त्याला शिवी दिली आणि पुढे गेले. त्या रस्त्यावर काहीही वाकडं झालं की शिवी रस्त्याला द्यायची, ही आमची रीतच होती.

उमरोळीच्या अलीकडे एक वळण आहे. तिथला खड्डा नुकताच बुजवला होता. बुजवणारा कोण, हे मला माहीत होतं. त्याच्याबद्दल आता सांगायला हवं, कारण ही गोष्ट त्याची आहे.

लक्ष्मण. खडी-डांबर टाकणाऱ्या टोळीचा मुकादम, पूर्वेकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचा. त्याच आठवड्यात मी त्या वळणावर खड्ड्यांचे फोटो काढत होते तेव्हा त्याची टोळी तिथेच काम करत होती. तो डांबराच्या पिंपाशेजारी उभा राहून मला म्हणाला, “ताई, नुसत्या खड्ड्याचा काय काडता? आमचा बी काडा. त्याच्यापेक्षा बरे दिसतो.” टोळी हसली. मी म्हटलं, हसण्यासारखं काही नाही, मी यावर लिहिणार आहे. तो म्हणाला, “लिवा ना, लिवा. खड्डे वाडले का आमची रोजी वाडते.” पुन्हा हशा. माझं नाव विचारलं. सांगितलं. “क्रांती? हे नाव आईबापानं ठेवलं का पार्टीनं?”

मी लाल झाले होते. माझ्या लढ्यावर हसणारा हा कोण? मग तो नुकत्याच दाबलेल्या ठिगळावर चढला आणि गमबूट घालून चक्क नाचला. “या ताई, तुमी बी नाचा. हा नाय हलायचा. माझ्या लग्नापेक्षा पक्का बसलाय.” त्याची बायको टोळीतच होती. तिने फावड्यानं त्याच्या अंगावर खडी उडवली. मी हसले नाही. मी गाडीला किक मारली आणि निघून आले. तो माणूस मला आवडला नाही, हे मी इथे लिहून ठेवते. पुढचं सोपं झालं ते त्यामुळेही.

तर — त्या वळणावर मी जोरात होते. धरण्याला उशीर होत होता. लक्ष्मणचं ठिगळ रस्त्यापेक्षा किंचित वर होतं, नवं ठिगळ असतं तसं. गाडीचं मागचं चाक त्यावर चढलं आणि उतरताना डावी बाजू खचली, उजवी खचली नाही. गाडीचं मागचं अंग पिळल्यासारखं फिरलं. मी घाबरून ब्रेक दाबला. खांद्यावरचा हात सुटला. मागे वळून पाहिलं तेव्हा हिरूकाकू रस्त्यावर होती, आणि सुकट डांबरभर.

ती ओरडली नाही. “पिशवी बग, पिशवी,” एवढंच म्हणाली. उजवा हात कोपरापासून भलत्या दिशेला वळला होता.

दवाखान्यात सगळे जमले. कसं झालं? कुणीतरी विचारलं, आणि मी म्हणाले, खड्डा. ते खोटं नव्हतं, मला खरंच तसंच वाटलं होतं. त्या रस्त्यावर माणूस पडला तर आणखी कशाने पडणार? सगळ्यांनी माना हलवल्या. बाहेर व्हरांड्यात आमच्यातला एकजण म्हणाला — आणि हे मी त्याच्या डोक्यावर टाकत नाही, कारण माझ्याही मनात आलं होतं — “आता बघतो कसा रस्ता करत नाहीत ते.”

इथपर्यंत मी फक्त निष्काळजी होते. आता पुढचं.

पुढच्या आठवड्यात मी अंगणात गाडी पुन्हा डबल स्टँडवर घेतली. आता एकटीच फिरणार, तेव्हा कडी खालच्या खाचेवर आणू, म्हणून. आकड्याचा पाना उजव्या कड्याला लावला. ते वर होतं, बरोबर. खाली आणलं. डावीकडे गेले. पाना लावला, आणि कडं खाली फिरेना. फिरणार कसं? ते खालीच होतं. डोक्याआधी हाताला कळलं. मी वाकून बघितलं. नवंकोरं कडं, पान्याचा एक ओरखडासुद्धा नाही. ते कधी हललंच नव्हतं.

मी तिथेच टाचांवर बसून राहिले. सगळं ओळीने आठवलं. फोन, वेलांटी, सीटवरचा पाना, कलणारी गाडी. शंकेला जागा नव्हती. आमच्या पत्रकांत नसते तशीच, जराही नव्हती.

त्याच संध्याकाळी दुसरं पत्रक छापायला जायचं होतं. मजकूर माझाच. ‘नुकताच बुजवलेला खड्डा उखडला आणि कष्टकरी स्त्रीचा हात मोडला.’ नुकताच बुजवलेला — हा शब्द मी मुद्दाम घातला होता, कारण त्याने भ्रष्टाचार सिद्ध होत होता. फोटोसाठी आम्ही हिरूकाकूला प्लॅस्टरसकट त्या वळणावर नेलं होतं. वळणावर खड्डा नव्हताच. लक्ष्मणचं ठिगळ जसंच्या तसं. फोटो काढणारा म्हणाला, इथे तर काही दिसत नाही. आणि पुढे, बऱ्याच अंतरावर, एक खोल खड्डा होता, पाण्याने भरलेला, कुणी कधी न बुजवलेला. “काकू, जरा पुढे या,” असं कोण म्हणालं? मी म्हणाले. तेव्हा मला वाटत होतं, खड्डा हा असो की तो, काय फरक पडतो, मुद्दा खरा आहे. पण कड्याला पाना लावल्यानंतर? त्यानंतर मला काय वाटत होतं?

मला सगळं माहीत होतं आणि मी छापखान्यात गेले. प्रूफ हातात घेतलं. एक उकार सुधारला. बाकी सगळं तसंच ठेवून सही केली.

तुम्हाला म्हणावंसं वाटत असेल — मला ठाऊक आहे काय म्हणावंसं वाटत असेल, कारण मी ते रोज स्वतःला म्हटलंय. अगं, रस्ता वाईट होताच ना? कंत्राटदार चोर होताच ना? होता. होता! म्हणूनच तर मला स्वतःची चीड येते. ज्यांच्याविरुद्ध बोलायला खरं पोतंभर होतं, त्यांच्याविरुद्ध मी खोटं वापरलं. आणि ते खोटं त्यांना लागलंसुद्धा नाही. बघा काय झालं ते.

पत्रक गाजलं. प्लॅस्टरमधला तो हात दांडीपासून शिरगावपर्यंत चहाच्या टपऱ्यांवर चिकटला. मोर्चा निघाला, पप्पांच्या काळानंतर एवढी माणसं मी पाहिली नव्हती. वरून चौकशीचा हुकूम सुटला. साहेब चौकशीला रस्त्यावर आले का? खुर्चीतून उठलेच नाहीत. त्यांनी कंत्राटदाराला विचारलं, ते वळण कुणी बुजवलं? कंत्राटदाराने क्षणभरही न थांबता सांगितलं, मुकादम लक्ष्मण. त्याला काढला. कारवाई झाली. आणि अख्खा रस्ता नव्याने करायचं काम कुणाला मिळालं? त्याच कंत्राटदाराला! आम्ही त्याला जाब विचारायला निघालो होतो आणि त्याच्या हाती आणखी मोठं काम देऊन आलो. त्या रस्त्यावरून आज गाड्या गुळगुळीत जातात. लोक मला अजून म्हणतात, तुमच्यामुळे झाला.

लक्ष्मणला काढल्याची बातमी आली त्या दिवशी समितीत टाळ्या पडल्या. ‘दोषी मुकादमाची हकालपट्टी — आपल्या लढ्याचा पहिला विजय!’ हे वाक्यही माझंच. कुणी मला लिहायला सांगितलं नव्हतं. कंत्राटदार सुटला, अधिकारी सुटला, आणि डोंगरातला एक माणूस घरी गेला, याला मी विजय म्हटलं. उद्गारचिन्हासकट.

हेही पचवून मी कदाचित जगले असते. माणूस पुष्कळ गोष्टी पचवून जगतो. पण नवरात्राच्या आधी एका सकाळी मी बाजारात हिरूकाकूजवळ बसले होते. प्लॅस्टर निघालं होतं, पण हात कोपरात अडकला होता, सरळ होत नव्हता. पाटी आता तिची सून आणून ठेवायची. डोक्यावर उचलून चालणं संपलं होतं. काकू त्यावरही विनोद करायची. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की तो वाकडा हात पुढे करायची, “बग, सरकारनं मोडला. तू तरी मोडू नको.”

आणि समोर लक्ष्मण उभा राहिला. गमबूट नव्हते, पायात चप्पल होती. खांद्यावर पिशवी. मला वाटलं, हा आता भर बाजारात माझ्यावर ओरडणार. मी उत्तरंसुद्धा जुळवायला लागले होते, इतकी मी तयार असते. त्याने मला नमस्कार केला आणि काकूसमोर उकिडवा बसला.

“मावशी, तुमी हिरूबाय ना? मी त्या रस्त्याचा मुकादम.”

काकूने त्याला आधी धुतला. “हात मोडलास रे माजा! लाज वाटत नाय? खडी खाल्लीस का डांबर प्यायलास?” तो मान खाली घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर त्याने पिशवीतून काकड्या काढल्या, शिराळी काढली, आणि तिच्या बोंबलांच्या शेजारी मांडली. “आमच्या डोंगरावरच्या वरकशीतली हाय. पावसाच्या पाण्याची. दुसरं काय नाय माज्याकडं.”

मग तो माझ्याकडे वळला. आवाज चढलेला नव्हता. तो खरंच विचारत होता.

“ताई, वळणाचा का पुढचा?”

हा प्रश्न समजला ना तुम्हाला? त्याने त्या पट्ट्यात कितीतरी खड्डे भरले होते. छापलेल्या फोटोत पाणी आणि प्लॅस्टर सोडून काही ओळखू येत नव्हतं. त्याला एवढंच हवं होतं — माझा हात कुठल्या खड्ड्यावर चुकला?

बाजार भरला होता, लख्ख उजेड होता, कुणी माझा गळा धरला नव्हता. हिरूकाकू माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, “वळणाचा. उखडला तो.”

“वळणाचा.” तो पुटपुटला. “मी नाचलो होतो ना ताई त्याच्यावर. तुमच्यासमोर.”

“हो.”

“तरी उकडला?”

मी मान हलवली. हो म्हणून.

त्याच्या चेहऱ्यावर काय झालं ते सांगणं मला जमणार नाही. राग आला असता तर मी सांगू शकले असते, राग मला ओळखता येतो. तो स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “मग आमचंच चुकलं आसंल. डांबर थंड पडलं आसंल. पावसाच्या घाईत कळत नाय.” त्याने मान्य केलं. माझ्या तोंडच्या दोन शब्दांवर त्याने आपलं पक्कं काम कच्चं ठरवून टाकलं.

काकू पघळली. तिने चहा मागवला, आता काय करतोस विचारलं. मुकादम झाल्यापासून त्याला घर सोडून कामाला जावं लागत नव्हतं. “आता दिवाळी झाली का जायाचं, घाटावर. पोरांना घेऊन. पोरगी बोलते, मी नाय येणार, शाळा हाय. आता तिला काय सांगू?” तो हसला, ते जुनं हसणं नव्हतं. जाताना काकूने कागदात मूठभर बोंबील बांधून त्याच्या पिशवीत कोंबले. तो नको नको म्हणत होता. कागद कुठला होता? आमचंच पत्रक. बाजारात तेव्हा दुसरा कागदच नव्हता.

तो गर्दीत दिसेनासा झाला तेव्हा काकू म्हणाली, “माणूस चांगला हाय गो. चूक तर होते कुणाची बी. पन येऊन तोंडावर बोलला. किती जण येतात?”

मी तिची एक काकडी उचलली आणि खाल्ली. होय, खाल्ली. काहीतरी करायला हवं होतं तोंडाला.

दिवाळीनंतर तो गेला. मी त्याच्या पाड्यापर्यंत जाऊन आले आहे, उशिरा. दाराला बाहेरून कडी होती.

आजही माझी गाडी तीच आहे. मागे कुणी बसणार असेल तर मी आधी डावं कडं लावते, मग उजवं, मग पुन्हा डावीकडे येऊन बोटाने चाचपून बघते. लोक म्हणतात, किती काळजी घेतेस. आणि हे लिहितानाही बघा मी काय करतेय — ज्या दोघांना सांगायला हवं ती दोघं सोडून मी तुम्हाला सांगतेय. छापील कागदावर बोलायला मला कधीच भीती वाटली नाही. समोर उकिडव्या बसलेल्या माणसाशी बोलायची वाटली. पप्पांच्या फडताळातल्या कुठल्याच पत्रकात या भित्रेपणाला शब्द नव्हता. आमचे सगळे शब्द दुसऱ्यांसाठी होते.

तर आता माझ्याबद्दल, ‘कदाचित’ न वापरता. हिरूकाकूचा हात माझ्या गाडीने मोडला. गाडी वजनाला मी लावली होती, अर्धी. हे मला पत्रक छापण्याआधी माहीत होतं. मी छापलं. लक्ष्मणने तोंडावर विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि त्याला त्याच्या हातांवर संशय घ्यायला लावला.

त्या वळणावर खड्डा नव्हता. त्याने तो नीट बुजवला होता.